सोनं तापताना त्याचं वलय फिकं पडतं: पहिला प्रयोग कसा लावायचा

माझे बाबा लालबागच्या एका गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत, फिटर होते. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली की घरच्या माणसांना आत येऊ द्यायचे आणि एखादं मशीन चालू करून दाखवायचे. मी सात-आठ वर्षांची असेन. मिनिटाला हजारो फेऱ्या घेणारी चाती म्हणजे नुसती धुरकट रेघ दिसत होती. बाबांनी हातातला लुकलुकणारा दिवा तिच्यावर धरला, बटण हळूहळू फिरवलं आणि चाती थांबली. मी बोट पुढे केलं तर हातावर फटका बसला. "थांबली नाहीये. थांबल्यासारखी दिसतेय फक्त."

अतिवेगवान इलेक्ट्रॉन विवर्तन म्हणजे तोच दिवा. चातीच्या जागी अणू आहेत आणि प्रकाशाच्या जागी इलेक्ट्रॉन. अणूंच्या थरांवरून इलेक्ट्रॉन ठरावीक कोनांत वळतात, ते विवर्तन, आणि पडद्यावर त्याची वलयं उमटतात. घन पदार्थातला अणू आपल्या जागेवर एका पिकोसेकंदात काही वेळा हलतो. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांशाचा दशलक्षांश आणि फेम्टोसेकंद त्याचाही हजारावा भाग. नेहमीच्या कॅमेऱ्याला एवढ्या लवकर उघडझाप जमत नाही. त्यामुळे कॅमेरा सुस्त असला तरी चालेल, दिवा झटपट लुकलुकला पाहिजे.

फरक एकच, आणि नव्या मुलांचा घोळ तिथेच होतो. चाती आपणहून फिरते, दर फेरीला तिथेच परत येते. सोन्याचे अणू आपणहून काही करत नाहीत. लेझरच्या एका स्पंदाने त्यांना हलवायचं, ठरावीक वेळाने इलेक्ट्रॉनांचा छोटा पुंजका पाठवून त्यांची जागा बघायची, मग नमुना थंड होऊ द्यायचा आणि परत तेच करायचं. हलवणारा स्पंद म्हणजे पंप, बघणारा पुंजका म्हणजे प्रोब. आमचा लेझर सेकंदाला हजार वेळा उडतो, म्हणजे सोन्याला निवायला एक मिलिसेकंद मिळतो. तेवढ्यात ते पूर्वपदावर आलं नाही तर तुम्ही दर वेळी वेगळीच वस्तू मोजताय.

आमचं यंत्र ३० किलोव्होल्टचं आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनांना तेवढ्या व्होल्टेजने पळवणारं, आणि घरी बांधलेलं. निम्मी जोडणी लॅमिंग्टन रोडवरच्या सामानातून झाली आहे. त्याच्यावर पहिल्यांदा बसणाऱ्यासाठी हे लिहितेय. पहिला प्रयोग सोन्याचाच करायचा. टोरोंटोत ड्वेन मिलर यांच्या गटाने २००३ साली २० नॅनोमीटर जाडीचं ॲल्युमिनियम साडेतीन पिकोसेकंदांत वितळताना पकडलं. ते वाचून सगळ्यांनाच काहीतरी वितळवायचं असतं. नको. वितळलेली फिल्म, म्हणजे धातूचा पातळ पापुद्रा, परत येत नाही, दर स्पंदाला नवी जागा लागते. सोनं नुसतं तापवा, शंभरेक अंश.

फिल्मपासून सुरुवात करू, कारण तुमचे पहिले दोन महिने तिथेच जाणार आहेत.

इलेक्ट्रॉन पदार्थात क्ष-किरणांपेक्षा काही लाखपट जोरात विखुरतो. म्हणून तर छोट्या खोलीत मावणाऱ्या यंत्रावर हे काम होतं. पण म्हणूनच फिल्म पातळ लागते, १५ ते २० नॅनोमीटर. झवेरी बाजारातला सोन्याचा वर्ख आणला तर तोही पाचपट जाड पडेल. आणि फिल्मच्या खाली काच किंवा प्लास्टिक काही चालत नाही, ती अधांतरी हवी. १९२७ साली जी. पी. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनाची वलयं पाहिली तीही अशाच धातूंच्या पातळ फिल्म वापरून, आणि त्यांत सोनं होतं. काम तेव्हाही तेवढंच नाजूक होतं.

युक्ती मिठाची आहे. सोडियम क्लोराइडचा स्फटिक ब्लेड लावून चिरायचा, म्हणजे आरशासारखा ताजा पृष्ठभाग मिळतो. लगेच बाष्पीभवनाच्या यंत्रात ठेवून त्यावर २० नॅनोमीटर सोनं चढवायचं. मीठ थंड ठेवा. तापवलंत तर सोनं मिठाच्या रांगेला रांग लावून बसतं आणि वलयांऐवजी ठिपके मिळतात. ठिपके पुढे कधीतरी हवेत, आत्ता वलयं हवीत. मग ब्लेडने सोन्यावर दोन-दोन मिलिमीटरचे चौकोन आखा, बर्फीच्या वड्या पाडतो तसे. डिस्टिल्ड पाण्याच्या बशीत स्फटिक तिरका धरून अगदी सावकाश बुडवा. मीठ विरघळत जातं, सोनं पाण्यावर तरंगत सुटतं. खालून तांब्याची जाळी घालून ते उचलायचं, दुधावरची साय चमच्याने अलगद उचलतो तसं. जाळीचा व्यास ३ मिमी असतो. चिमटा डाव्या हातात, श्वास रोखलेला. जाळी वर आली की तिच्या कडेला टिपकागदाचं टोक लावा, मधे कधीच नाही.

आता मुंबईचा भाग. जून ते सप्टेंबर हे काम जवळजवळ होत नाही. पावसाळ्यात घरातली मीठदाणी जशी पाझरते तसाच हा स्फटिक चिरल्यावर दहा मिनिटांत धुरकट होतो, आणि त्या धुरकटपणावर चढलेली फिल्म चाळणीसारखी निघते. मी एक अख्खा जुलै यात घालवला. वाटत होतं सोन्यात खोट आहे. आता मेमध्येच तीस-चाळीस जाळ्या तयार करून सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते. जेल निळ्याचं गुलाबी झालं की पुड्या बदलायच्या. लेझरचा रंग बदलणारे स्फटिकही दमटपणाने खराब होतात, म्हणून त्या खोलीतला डिह्युमिडिफायर रविवारीसुद्धा बंद करायचा नाही. त्याची बादली कोण ओतणार याचा कागद दारावर लावलाय. त्यावर नाव टाकून मगच घरी जा.

लेझरबद्दल थोडक्यात, कारण त्याला वेगळा माणूस आहे. टायटेनियम-सफायरचा ८०० नॅनोमीटरचा लाल स्पंद दोन वाटांनी जातो. एका वाटेवर तो ४०० नॅनोमीटरचा निळा होतो, तो पंप. सोनं पिवळं दिसतं ते निळा प्रकाश गिळतं म्हणून, लाल ते बहुतेक सगळा परत फेकतं. दुसऱ्या वाटेवर २६६ नॅनोमीटरचा अतिनील होतो, आणि तो सोन्याच्याच एका पातळ थरावर पडून इलेक्ट्रॉन उडवतो. अतिनील डोळ्याला दिसत नाही, डोळा मात्र जाळतो. चष्मा घातल्याशिवाय आत यायचं नाही. ३० किलोव्होल्ट बंद केल्यावर अर्थिंगची काठी लावल्याशिवाय काहीही उघडायचं नाही. झोत चालू असताना सर्व्हे मीटर फिरवून खिडक्यांजवळ क्ष-किरण गळत नाहीत ना ते बघायचं. आणि वडापाव खाऊन आलात तर साबणाने हात धुवा, मग हातमोजे घाला. बोटाचा एक तेलकट ठसा निर्वातकाला, म्हणजे यंत्रातली हवा उपसणाऱ्या यंत्राला, दोन दिवस पुरतो.

व्होल्टेज एकदम चढवू नका. १५ वर थांबा, मग एक-एक किलोव्होल्टने वर जा. मीटरची सुई उडी मारली तर दोन पायऱ्या खाली या आणि चहा प्या.

३० वर आलात की पंप बंद ठेवून नुसतं चित्र घ्या. इथे गणित तोंडपाठ हवं. या ऊर्जेला इलेक्ट्रॉनाची तरंगलांबी ०.०७ अँगस्ट्रॉम. ती नमुना ते पडदा या अंतराने गुणा आणि अणूंच्या थरांमधल्या अंतराने भागा, वलयाची त्रिज्या मिळते. आमच्याकडे पडदा ४० सेंटिमीटरवर आहे. सोन्याचं पहिलं, म्हणजे १११ चं वलय (एक-एक-एक असे हे तीन आकडे म्हणजे अणूंच्या थरांचं नाव) ११.९ मिमीवर यायला हवं, २०० चं १३.७ वर, २२० चं १९.४ वर, ३११ चं २२.७ वर. सगळी एकाच प्रमाणात लहान-मोठी असतील तर व्होल्टेज किंवा अंतर चुकलंय. एखादंच वलय भलत्या जागी असेल तर ते सोन्याचं नाही, बहुधा न विरघळलेलं मीठ आहे.

पुंजक्यात इलेक्ट्रॉन किती, तेही मोजा. मधला न वळलेला झोत छोट्या धातूच्या कपात पकडतो, त्याचा प्रवाह बघा. पुंजक्यात हजार इलेक्ट्रॉन आणि सेकंदाला हजार पुंजके म्हणजे ०.१६ पिकोअँपिअर. चित्र अंधुक वाटतं म्हणून अतिनील वाढवायचा मोह होतो. वाढवलात तर इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात आणि पुंजका वाटेतच लांबतो. संध्याकाळी सव्वासहाला दादरला लोकलचं दार उघडल्यावर गर्दी कशी बाहेर पसरते ते आठवा. चित्र उजळ होईल, वेळेचं भान जाईल. त्यापेक्षा जास्त वेळ चित्र घ्या.

याच टप्प्यावर आम्हाला लिफ्टने छळलं. वलयांचं केंद्र मधूनच सरकायचं आणि परत जागेवर यायचं. विजेची जोडणी तपासली, निर्वातक तपासले, एक वीजपुरवठा बदलला. शेवटी वॉचमन काकांनी जिन्याशेजारी स्टूल टाकलं होतं, तिथे मी बसले असताना लक्षात आलं की भिंतीपलीकडून लिफ्टचं लोखंडी वजन खाली गेलं की चित्र हलतं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्ला. ते आडवं लागलं तर अर्ध्या मीटरच्या प्रवासात ३० किलोव्होल्टचा इलेक्ट्रॉन आठेक मिलिमीटर वळतो. म्हणजे क्षेत्रात एक टक्का फरक पडला तरी चित्र ०.०८ मिमी सरकणार. नळीभोवती चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या म्यू-मेटल या मिश्रधातूचं आवरण घातल्यावर त्रास बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. म्हणून दर चित्राचं केंद्र नव्याने शोधा, मगच बेरीज करा. आणि मोजणी रात्री अकरानंतर लावा.

पंप किती जोरात मारायचा? पंपाचा ठिपका प्रोबपेक्षा मोठा हवा, म्हणजे बघतो तो सगळा भाग सारखा तापतो. आमचा पंप अर्ध्या मिलिमीटरचा आहे, प्रोब ०.१५ चा. ठिपका मध्यावर तेज आणि कडेला मंद असतो, म्हणून मध्यावर दर चौरस सेंटिमीटरला पडणारी ऊर्जा ही सरासरीच्या दुप्पट धरायची. हे दुप्पट मी एकदा विसरले. पाच मिलिज्यूल हवे होते, मध्यावर दहा पडत होते. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर जाळीच्या मधल्या घरांत सोनं नव्हतंच, कडांना छोटे गोळे चिकटले होते. पाच चौकोन गेले, मेमध्ये केलेले.

तुम्ही मध्यावर दर चौरस सेंटिमीटरला दीड मिलिज्यूलपासून सुरू करा. पाव मिलिमीटर त्रिज्येच्या ठिपक्याला त्यासाठी स्पंदात दीड मायक्रोज्यूल लागतात. २० नॅनोमीटर सोनं १०० अंशांनी तापवायला दर चौरस सेंटिमीटरला अर्धा मिलिज्यूल जिरावा लागतो. पडलेल्यातला काही प्रकाश परत जातो, काही आरपार जातो. दोन्ही स्वतः मीटर लावून मोजा, पुस्तकातल्या जाड सोन्याचे आकडे इथे लागू होत नाहीत.

आता शून्य शोधायचं. पंप आणि प्रोब नमुन्यावर एकाच क्षणी पोचतात ती जागा म्हणजे शून्य.

वेळ आपण घड्याळाने मोजत नाही, मिलिमीटरने मोजतो. पंपाच्या वाटेत सरकत्या पट्टीवर आरशांची जोडी आहे. ती ०.१५ मिमी मागे नेली की प्रकाशाला जाऊन-येऊन ०.३ मिमी जास्त पडतं आणि पंप एक पिकोसेकंद उशिरा येतो. आधी कागदावर हिशेब करा. ३० किलोव्होल्टचा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जेमतेम एक तृतीयांश वेगाने पळतो. आमच्याकडे उगमापासून नमुना ५ सेंटिमीटरवर आहे, तेवढ्याला त्याला अर्धा नॅनोसेकंद लागतो, आणि तेवढ्यात प्रकाश १५ सेंटिमीटर जातो. म्हणजे अतिनील उगमावर आदळतो त्या क्षणी पंपाची नमुन्यापर्यंत १५ सेंटिमीटर वाट उरलेली असली पाहिजे. टेपने दोन्ही वाटा मोजा. हो, शिंप्याची टेप चालते. त्याने शून्य शंभरेक पिकोसेकंदांच्या टप्प्यात येतं.

पुढे सोन्याला हात लावू नका. त्या जागी रिकामी तांब्याची जाळी आणा आणि पंप एका बिंदूवर एकवटून भरपूर जोराने मारा. तांब्यातून इलेक्ट्रॉनांचा ढग उसळतो आणि त्याच्या विद्युतक्षेत्राने प्रोबच्या झोतात जाळीची सावली वेडीवाकडी होते. प्रोब आधी आला तर सावली सरळ, नंतर आला तर वाकडी. पट्टी दीड-दीड मिलिमीटरने, म्हणजे दहा-दहा पिकोसेकंदांनी सरकवत न्या. सावली जिथे वाकायला लागते तिथे थांबून पावलं बारीक करा. दोनेक पिकोसेकंदांपर्यंत येता, बाकीचं सोनं स्वतः सांगेल.

दिशा लिहून ठेवा. पट्टीवर मार्करने बाण काढा, "इकडे प्रोब उशिरा". एकदा मी संगणकावरचं चिन्ह उलटं धरलं. तीन रात्री सोनं आधी फिकं दिसत होतं आणि लेझर पडल्यावर उजळत होतं. तिसऱ्या पहाटे मी त्याचं कारण शोधायलाही लागले होते. तीन पानं लिहिली होती.

पंप आणि प्रोबमधला कोन लहान ठेवा. पंप तिरका आला तर ठिपक्याच्या एका कडेला आधी पोचतो, दुसरीला नंतर. प्रोबच्या ०.१५ मिमी रुंदीवर दहा अंशांना हा फरक शंभर फेम्टोसेकंदांच्या आत राहतो, पंचेचाळीस अंशांना साडेतीनशेपर्यंत जातो.

मग मोजणी. शून्याच्या आधी ५ पिकोसेकंदांपासून नंतर ३० पर्यंत, अर्ध्या-अर्ध्याच्या पावलाने. पट्टी क्रमाने सरकवू नका, यादी पिसून घ्या, पत्ते पिसतो तशी. क्रमाने गेलात आणि रात्रभरात लेझर हळूहळू मंदावला, तर तो उतार तुम्हाला अणूंचा वाटेल. दर चित्रामागे पंप बंद करून एक चित्र, आणि अधूनमधून फक्त पंप चालू, इलेक्ट्रॉन बंद असं एक. विखुरलेला निळा प्रकाश कॅमेऱ्यात किती शिरतो ते त्यात कळतं आणि ते वजा करता येतं. दहा सेकंदांच्या एका चित्रात एक कोटी इलेक्ट्रॉन येतात. त्यातले पाच लाख २२० च्या वलयात पडले असं धरा. मोजणीतली अनिश्चितता त्यांच्या वर्गमुळाएवढी, म्हणजे सातशे, ०.१४ टक्के. तुम्हाला बघायचाय तो फरक पाचेक टक्क्यांचा आहे. दिसणार.

काय दिसतं? शून्यापर्यंत वलय स्थिर. मग ते काही पिकोसेकंदांत फिकं होतं आणि तिथेच राहतं. लेझर थेट अणूंना हलवत नाही. तो सोन्यातल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांना तापवतो, आणि ते आपली उष्णता अणूंना हळूहळू देतात. हळूहळू म्हणजे पिकोसेकंदांत. अणू जागेवर जास्त थरथरायला लागले की थरांची शिस्त बिघडते आणि वलयातले काही इलेक्ट्रॉन मधल्या अंधारात सांडतात. दोन वलयांमधला भाग किंचित उजळतो तो त्यामुळे. तोही मोजा. वलय फिकं आणि मधला भागही फिका असेल तर झोतच मंदावलाय.

सगळ्यात खरी परीक्षा वेगळीच आहे. थरथर वाढल्यामुळे वलय फिकं होत असेल तर बाहेरची वलयं आतल्यांपेक्षा जास्त फिकी झाली पाहिजेत, आणि तीही ठरलेल्या प्रमाणात. वलयाच्या तीन आकड्यांचे वर्ग करून बेरीज घ्या: १११ चे ३, २२० चे ८, ३११ चे ११. तीव्रता किती पट उरली त्याचा लॉगॅरिदम घ्या, उणे चिन्ह लावा आणि या बेरजेसमोर मांडा. शून्यातून जाणारी सरळ रेघ आली पाहिजे. शंभर अंशांना १११ साधारण २ टक्के उतरतं, २२० पाचेक टक्के, ३११ साडेसहाच्या आसपास. सगळी वलयं सारखीच उतरली तर तो लेझरचा मंदपणा, किंवा फिल्म फाटतेय. रेघ सरळ आहे पण शून्यातून जात नाही, तर पार्श्वभूमी नीट वजा झालेली नाही. पंप बंदच्या चित्रांतही रात्रभर उतार दिसत असेल तर सोनं शिजतंय, ऊर्जा निम्मी करा आणि नवा चौकोन घ्या.

हे जमलं की लगेच बिस्मथ मागायला येऊ नका. बिस्मथचे अणू लेझरने एका तालात झुलतात, सेकंदाला साधारण २.९ लाख कोटी वेळा, म्हणजे एक झोका साडेतीनशे फेम्टोसेकंदांचा. आपला पुंजकाच तेवढा लांब आहे. झोका पकडायचा तर रेडिओ लहरींच्या पोकळीने पुंजका दाबावा लागतो, नाहीतर कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेसारखं दशलक्ष व्होल्टांचं यंत्र लागतं. तिथे इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जातात, त्यांना वाटेत पांगायला वेळच मिळत नाही. आपल्याकडे दाबणारी पोकळी टेबलाखाली खोक्यात आहे, तिचा वीजपुरवठा यायचाय. तोवर पुंजक्यातले इलेक्ट्रॉन हजारावरून दोनशेवर आणून सोन्याचा उतार किती तीक्ष्ण होतो ते बघा. मोजणी पाचपट लांबेल, दोन रात्री धरून चला. डबा आणा, खालचं कँटीन नऊला बंद होतं.